गिऱ्हाईक कुठे अडतं ते शोधा : 'निंटेंडो पॉवर' मासिकाची २४ वर्षं आणि आपलं छोटं दुकान

आजचा धडा जरा वेगळा आहे. आज आपण एका व्हिडिओ गेमच्या मासिकाचा इतिहास बघणार आहोत. तुम्ही म्हणाल, "भाऊ, आम्हाला टिफिनचा धंदा टाकायचा आहे, कूलर रिपेअरिंग करायचं आहे, आम्हाला गेमच्या मासिकाचं काय करायचं?" शेवटपर्यंत वाचा. विकलेल्या मालानंतरही गिऱ्हाईक आपल्याशी कसं बांधलेलं राहतं, हे शिकायला यापेक्षा साफ उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

व्हिडिओत मी हे दहा मिनिटांत सांगितलं होतं. इथे आकडे, वर्षं आणि शेवटी एक हिशोब, सगळं सविस्तर देतो. वही-पेन घेऊन बसा.

आधी मार्केट मेलं होतं

अमेरिकेत १९८० च्या सुमारास घरच्या टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची जबरदस्त हवा होती. अटारी ही कंपनी सगळ्यात पुढे. पण मागणी दिसली की आपल्याकडे जे होतं तेच तिथे झालं. ज्याला जमतं तोही गेम बनवू लागला आणि ज्याला जमत नाही तोही. दुकानात डब्यांचा ढीग, आणि आत कसला माल आहे ते गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर कळायचं. १९८३ मध्ये हे मार्केट कोसळलं. अटारीने न खपलेली काडतुसं न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावाजवळ जमिनीत पुरली. २०१४ मध्ये ती जागा खोदून काढली तेव्हा तो माल खरंच बाहेर आला.

दुकानदारांचे हात चांगलेच पोळले. "व्हिडिओ गेम" हा शब्दही त्यांना ऐकायचा नव्हता.

अशा वेळी जपानची निंटेंडो कंपनी तिथे उतरली. ही कंपनी १८८९ ची, क्योटो शहरातली. सुरुवात पत्ते बनवण्यापासून. १९८३ मध्ये त्यांनी जपानमध्ये 'फॅमिकॉम' आणला आणि तो तिथे चालला. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये तेच मशीन नवीन रूपात न्यूयॉर्कमध्ये आलं. नावात 'गेम' शब्दच ठेवला नाही, 'निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम' असं नाव दिलं. सोबत एक छोटा रोबो दिला, म्हणजे बघणाऱ्याला खेळणं वाटावं. आणि दुकानदारांना सांगितलं की माल ठेवा, जो खपेल त्याचेच पैसे द्या, उरलेला आम्ही परत नेऊ.

इथे पहिली गोष्ट लिहून घ्या. ज्या मार्केटमध्ये लोक फसले आहेत, तिथे आधी भरवसा विकावा लागतो, माल नंतर. तुमच्या भागात आधीच्या कोणी खराब सोलर पॅनल बसवून दिले असतील, तर तुमचा माल कितीही चांगला असो, पहिले सहा महिने तुम्ही त्याच्या पापाचीच उत्तरं देणार.

वॉरंटी कार्डातून सुरू झालेला क्लब

मशीन खपू लागलं. आता प्रश्न असा की विकलेलं मशीन कोणाच्या घरी गेलं? कंपनी माल दुकानदाराला देते, दुकानदार गिऱ्हाइकाला. कंपनीला त्या घराचा पत्ता कुठून कळणार?

उत्तर डब्यातच होतं. मशीनसोबत वॉरंटी कार्ड यायचं. ते भरून पाठवलं की कंपनीकडे नाव-पत्ता जमा. बहुतेक कंपन्या ही कार्डं कपाटात ठेवून विसरतात. निंटेंडोने त्यातून 'फन क्लब' काढला आणि १९८७ मध्ये सभासदांना 'निंटेंडो फन क्लब न्यूज' नावाचं छोटं पत्रक फुकट पाठवायला सुरुवात केली. सुरुवातीला थोडकी पानं, पण सभासद बघता बघता लाखांच्या घरात गेले. एवढ्या लोकांना फुकट पाठवायचं म्हणजे छपाई आणि टपालाचा खर्चही लाखांत. मग ठरलं की याचं वर्गणीचं मासिक करायचं.

१९८८ च्या जुलै-ऑगस्टचा पहिला अंक निघाला. नाव 'निंटेंडो पॉवर'. मुखपृष्ठावर मातीच्या मूर्तींनी उभा केलेला मारिओ. हा पहिला अंक क्लबच्या सभासदांना फुकट गेला. आवडला तर वर्गणी भरा. आणि लोकांनी भरली! दहा लाखांवर वर्गणीदार झाले. सुरुवातीला दोन महिन्यांतून एक अंक, मग १९९१ पासून दर महिन्याला.

दुसरी गोष्ट. गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता ही तुमच्या दुकानातली सगळ्यात महाग वस्तू आहे, आणि ती तुम्ही रोज काउंटरवरून जाऊ देता. बर्डीच्या मेन रोडवर एखाद्या दुकानदाराला विचारा, मागच्या वर्षी तुमच्याकडून मिक्सर कोणी नेला? बिल बुक असतं, पण त्यात नाव "रोख" असं लिहिलेलं असतं. सोळाशे रुपयांचा मिक्सर घेऊन गेलेल्या माणसाचं नाव "रोख"!

मासिकात होतं तरी काय?

आता मुद्द्याची गोष्ट. त्या काळचे गेम कठीण होते. एका पातळीवर पोरगा अडला की अडला. गुप्त दरवाजा कुठे आहे, राक्षसाला कुठून मारायचं, काही कळत नाही. इंटरनेट घरात नव्हतं. आपल्याकडेही नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले गेम आले तेव्हा हेच होतं. 'काँट्रा'मध्ये ३० जीव मिळवायचा बटणांचा क्रम मोहल्ल्यातल्या एखाद्याच पोट्ट्याला ठाऊक असायचा आणि त्या दिवसांत त्याचा भाव आमदारासारखा असायचा.

निंटेंडोने नेमकी हीच अडचण धरली. मासिकात गेमच्या पातळ्यांचे मोठे रंगीत नकाशे. गुप्त क्लृप्त्यांचं वेगळं सदर. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारं सदर. कंपनीने फोनवरही माणसं बसवली होती, त्यांना 'गेम काउन्सेलर' म्हणायचे. पोरं फोन करायची, "मी इथे अडलोय", आणि पलीकडचा माणूस रस्ता सांगायचा. फोनवर वारंवार येणारे प्रश्न मासिकात उत्तरासह छापून येत. म्हणजे पुढच्या अंकात काय छापायचं ते गिऱ्हाईकच सांगत होतं.

पहिल्या संपादक गेल टिल्डन या बाई मार्केटिंगमधल्या. मासिकाचा सगळ्यांना ओळखीचा चेहरा म्हणजे हॉवर्ड फिलिप्स. हा माणूस मुळात कंपनीचं गोदाम सांभाळायचा! पण तो स्वतः मन लावून खेळायचा, कुठला गेम पोरांना आवडेल ते त्याला बरोबर कळायचं. कंपनीने त्याला क्लबचा अध्यक्ष केला, मासिकात त्याची चित्रकथा यायची.

तिसरी गोष्ट. मालाची स्तुती छापू नका, गिऱ्हाईक जिथे अडतं तिथला रस्ता छापा. आणि चौथी तिला जोडूनच. तुमच्या दुकानात माल सगळ्यात जास्त कोणाला कळतो ते बघा. तो मागे गोदामात बसलेला पोरगाही असू शकतो. त्याला पुढे आणा.

आपल्या मातीतलं उदाहरण

हे सगळं परदेशी म्हणून सोडून देऊ नका. आपल्या महाराष्ट्रात हे निंटेंडोच्या ६८ वर्षं आधी झालं आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये लोखंडी नांगर बनवला. शेतकरी तो घ्यायला तयार नव्हते. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, अशी समजूत होती. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आज ती सांगली जिल्ह्यात येते. आणि १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारं हे पत्र. पण शंकररावांनी ते नुसत्या जाहिरातीत अडकू दिलं नाही. त्यात वाचण्यासारखा मजकूर वाढत गेला, नावातलं 'खबर' गळून नुसतं 'किर्लोस्कर' झालं, आणि मराठी घराघरांत वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. त्याच घरातून १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिकं निघाली.

विचार करा, नांगर आणि पंप बनवणाऱ्या कारखान्याचं मासिक! ज्यांनी कधी नांगर विकत घेतला नाही त्यांच्या घरातही किर्लोस्कर हे नाव आदराने घेतलं जाऊ लागलं. ही कमाई जाहिरातीच्या फलकातून होत नाही.

विचारा, आणि पडून असलेला माल हलवा

परत निंटेंडोकडे येऊ. मासिकासोबत एक टपाल कार्ड असायचं. कुठला गेम आवडला, कुठल्या गेमची वाट बघताय, ते भरून पाठवा, बक्षीस जिंका. त्यातून आवडत्या गेमची यादी छापून यायची. पोरांना बक्षिसाची मजा आणि कंपनीला महिन्याच्या महिन्याला मार्केटचा अंदाज. तोही वर्गणी भरणाऱ्या गिऱ्हाइकाकडून!

अजून एक किस्सा ऐका. जपानमध्ये १९८६ ला 'ड्रॅगन क्वेस्ट' नावाचा गेम तुफान चालला. तोच १९८९ मध्ये 'ड्रॅगन वॉरियर' नावाने अमेरिकेत आला आणि पडून राहिला. खेळायची पद्धत तिथल्या पोरांना नवी होती. आता न खपलेल्या मालाचं काय करायचं? आपण काय करतो? 'सेल' लावतो. निंटेंडोने तो गेम मासिकाच्या वर्गणीवर फुकट दिला. म्हणजे पडून असलेला माल निघाला, वर्गणीदार वाढले, आणि लाखो पोरांना त्या नव्या प्रकारच्या खेळाची गोडी लागली. गेम कसा खेळायचा तेही सोबत शिकवलं.

पाचवी गोष्ट. पडून असलेला माल स्वस्तात काढाल तर एकदाच पैसे येतील. तोच माल गिऱ्हाईक जोडायला वापरलात तर पुढची खरेदीही तुमच्याकडे येईल. मात्र माल चांगला हवा, बरं का. खराब माल फुकट दिला तर तुम्ही फुकटात बदनामी वाटताय.

आता दुसरी बाजू

इथपर्यंत सगळं गोड वाटलं असेल. पण एक गोष्ट सरळ बोलू. हे मासिक कंपनीचं स्वतःचं होतं. गेम विकणारा तोच आणि गेम चांगला आहे असं छापणारा तोच. वाचणारे बरेचसे लहान पोरं. म्हणजे पैसे देऊन घेतलेली जाहिरात, अशी टीका त्यावर झाली, आणि ती अगदीच चुकीची नव्हती. १९८९ मध्ये अमेरिकेत 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली' आणि 'गेमप्रो' ही वेगळ्या प्रकाशकांची मासिकं निघाली. त्यांना निंटेंडोसोबत सेगाच्या मशीनवरही लिहिता येत होतं. ज्याला तुलना हवी तो तिकडे गेला.

आपल्याकडेही हा प्रकार आला. मुंबईतून २००१ मध्ये सुरू झालेल्या 'डिजिट' या संगणक मासिकाच्या घरातून 'स्कोअर' नावाचा गेमिंगचा अंक निघायचा. तो कुठल्या एका मशीनच्या कंपनीचा नव्हता. 'डिजिट'सोबत सीडी, पुढे डीव्हीडी यायची, आणि ज्या घरात इंटरनेट मुंगीच्या पावलाने चालायचं तिथे त्या डिस्कसाठीच अंक घेतला जायचा. इथेही तेच सूत्र आहे. गिऱ्हाइकाची अडचण होती डाउनलोड, तर अंकासोबत डिस्क दिली.

मग सहावी गोष्ट. तुम्ही सल्ला देणारे आणि विकणारे दोन्ही असाल, तर कधीतरी "हे घेऊ नका" म्हणता आलं पाहिजे. दोन खोल्यांच्या घराला मोठा डक्ट कूलर लागत नसेल तर तसं सांगा. त्या दिवशी तुमचे दोन-तीन हजार जातील. पण पुढच्या वेळी तो माणूस दुसऱ्या दुकानात भाव विचारायला जाणार नाही. गल्ल्यात हे दिसत नाही, पाच वर्षांनी मात्र दिसतं.

मासिक बंद का पडलं?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी 'पोकेमॉन'च्या लाटेत मासिकाला पुन्हा जोर आला. पण तोवर घराघरांत इंटरनेट येऊ लागलं होतं. गेममध्ये अडलात? संकेतस्थळावर लगेच उत्तर, तेही फुकट. पुढच्या महिन्यापर्यंत कोण थांबणार? ज्या अडचणीवर मासिक उभं होतं तीच संपली.

२००७ च्या शेवटी निंटेंडोने मासिक काढायचं काम 'फ्यूचर' या प्रकाशन कंपनीकडे दिलं. नाव निंटेंडोचं, काम फ्यूचरचं. पाच वर्षं चाललं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये बातमी आली की मासिक बंद होतंय, आणि डिसेंबर २०१२ चा २८५ वा अंक शेवटचा ठरला. त्याच्या मुखपृष्ठावर परत मातीचा मारिओ होता, पहिल्या अंकाची आठवण म्हणून.

पण गंमत बघा. २०१७ च्या डिसेंबरमध्ये निंटेंडोने 'निंटेंडो पॉवर' याच नावाने पॉडकास्ट सुरू केला. मासिक गेलं, नाव राहिलं, कारण नाव मालकाकडेच होतं.

सातवी गोष्ट. कागद, टपाल, व्हॉट्सॲप, रील, ही सगळी भाड्याची खोली आहे. तुमचं नाव आणि तुमच्या गिऱ्हाइकांची वही, हे मात्र स्वतःचं घर आहे. आज ज्या ॲपवर तुमचे हजार फॉलोअर आहेत ते उद्या बंद झालं किंवा पैसे मागू लागलं, तर तुमच्या हातात काय राहील? ती यादी वहीत उतरवून ठेवलेली असेल तर सगळं राहील.

आता आपला हिशोब

समजा, सक्करदऱ्यात तुमचं कूलर विक्री आणि रिपेअरिंगचं दुकान आहे. वहीत २०० गिऱ्हाइकं आहेत. तुम्ही दर दोन महिन्यांनी एका कागदाचं, दोन्ही बाजूंनी छापलेलं पत्रक काढता.

एका पत्रकाचा खर्च धरू ४ रुपये. २०० पत्रकांचे ८०० रुपये. वर्षात ६ पत्रकं, म्हणजे ४,८०० रुपये. एका गिऱ्हाइकामागे वर्षाला २४ रुपये. वाटप दुकानातून आणि रिपेअरिंगला जाणाऱ्या पोऱ्याकडून, त्यामुळे वेगळा खर्च धरला नाही.

एका सर्व्हिसिंगमध्ये तुमच्या हातात निव्वळ १५० रुपये उरतात असं धरा. ४,८०० भागिले १५०, उत्तर ३२. म्हणजे २०० पैकी ३२ जणांनी वर्षात एकदा जास्तीचं काम दिलं की पत्रकाचा खर्च निघाला. जवळपास सहातला एक माणूस. ३३ व्या कामापासून नफा. हे आकडे तुमच्या धंद्याप्रमाणे बदला, पण हिशोबाची रीत हीच. वर्षभरात ३२ होत नसतील तर पत्रक बदला, आणि तरीही होत नसतील तर बंद करा. प्रेमापोटी तोट्याचं काम चालवू नका.

पत्रकात काय लिहायचं?

१. फेब्रुवारी-मार्चचा अंक : कूलर माळ्यावरून काढल्यावर आधी काय तपासायचं. खस कधी बदलायची, पंप जाम झाला तर काय करायचं, वायर कुरतडली असेल तर हात का लावायचा नाही.

२. एप्रिल-मेचा अंक : कूलरच्या पाण्याला वास येऊ नये म्हणून काय करायचं, टाकी किती दिवसांनी धुवायची.

३. पावसाळ्याचा अंक : कूलर झाकून ठेवताना कोणत्या चुका होतात.

४. प्रत्येक अंकात एका गिऱ्हाइकाचा खरा प्रश्न आणि त्याचं उत्तर.

५. खाली एक ओळ : "तुम्ही कशात अडलात? सांगा." आणि तुमचा नंबर.

जाहिरात फक्त शेवटच्या चार ओळींत. बाकी सगळा कागद गिऱ्हाइकाच्या कामाचा. तो कागद फ्रिजवर चिकटला तर तुमचं दुकान त्यांच्या स्वयंपाकघरात उघडलं असं समजा.

टिफिनवाल्या ताई असाल तर उन्हाळ्यात डबा आंबू नये म्हणून काय करायचं ते लिहा. शिलाईचं काम असेल तर मापं घरी कशी घ्यायची ते लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तरी चालेल, छपाईचा खर्च वाचेल. पण एक लक्षात ठेवा. नंबर घेताना विचारून घ्या, कशासाठी घेताय ते सांगा, आणि कोणी "नको" म्हटलं की लगेच नाव काढा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण कायद्याच्या आधी माणुसकी आहे. रोज सकाळी "शुभ प्रभात" पाठवून गिऱ्हाईक जोडलं जात नाही, म्यूट होतं.

या आठवड्याचा गृहपाठ

एक, उद्यापासून बिलावर "रोख" लिहिणं बंद. नाव, मोहल्ला आणि परवानगी असेल तर नंबर.

दोन, सात दिवस काउंटरवर एक वही ठेवा. गिऱ्हाईक माल घेतल्यानंतर जो प्रश्न विचारतं तो त्यात लिहा. प्रत्येक प्रश्न, कितीही साधा असो.

तीन, रविवारी बसून वही वाचा. जो प्रश्न सगळ्यात जास्त वेळा आला, तेच तुमच्या पहिल्या पत्रकाचं मथळ्याचं वाक्य. त्याचं उत्तर दहा ओळींत लिहा, आणि घरातल्या अशा माणसाला वाचायला द्या ज्याला तुमच्या धंद्यातलं काही कळत नाही. त्याला समजलं तर छापा, नाही समजलं तर परत लिहा.

पुढच्या व्हिडिओत आपण उधारीच्या वहीवर बोलू. तोपर्यंत पहिलं पत्रक तयार करून ठेवा, त्याच वहीतल्या नावांचा तिथे उपयोग होणार आहे.